चिंधी बांधलेल्या शेंगा

आमच्या ग्रुपवर मला कोणी नावानं ओळखत नाही. तिथं मी 'मालेगाव' आहे. सकाळी कोणी लिहितं, "मालेगाव, तुमच्या वांग्यावर अळी हाय का?" आणि मी फणकाऱ्यानं उत्तर देते की अळी असेल तुमच्या वांग्यावर, आमची वांगी बरी आहेत. हे मालेगाव म्हणजे वाशीम रोडवरचं मालेगाव जहांगीर. नाशिककडच्या मालेगावाशी आमचा काही संबंध नाही, हेही नव्या माणसाला दरवेळी मलाच सांगावं लागतं.

गावाच्या टोकाला आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. नवरा बाजार बघतो, मी वाफे बघते. ग्रुपही मीच बघते, कारण नवऱ्याच्या मते तो रिकाम्या लोकांचा उद्योग आहे. जिल्हाभरातले भाजीपाला लावणारे, परसात चार वेल चढवणारे, कुंड्यांत मिरच्या लावणारे असे शंभरेक लोक त्यात आहेत. दुकानातली पाकिटं बाजूला ठेवून घरचं गावरान बियाणं एकमेकांना द्यायचं, एवढंच काम.

हा ग्रुप इंझोरीनं काढला. इंझोरी म्हणजे एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर. समोरासमोर असते तर आम्ही त्यांना काका म्हटलं असतं, पण ग्रुपवर नियम म्हणजे नियम. माणसाचं नाव नाही, आडनाव नाही, फक्त गाव. हा नियम त्यांचाच. सुरुवातीला एकानं चौकशी सुरू केली होती की तुम्ही कोणापैकी, आडनाव काय. बोलण्याचा रोख सगळ्यांना कळला होता. आपल्याकडे आडनाव कळलं की माणूस कुठल्या आळीतला ते कळतं, आणि मग बियाणं घ्यायचं की नाही याचाही विचार सुरू होतो. त्यावर इंझोरीचा आवाजी निरोप आला. आवाज शांत होता, जरासा घोगरा.

"मी सारी जिंदगी तिकिटं फाडली, भाऊ. कुठून बसले अन् कुठं उतरता, एवढंच इचारलं. आडनाव इचाराची गरज कवा पडली नाही. इथंबी तेच."

त्यानंतर कोणी विचारलं नाही. इंझोरीचं घर बौद्ध आहे आणि आमचं नाही, हे मलाही फार उशिरा कळलं. तोवर त्यांच्या बियाण्याचं गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, आमच्या घरात दोन दिवाळ्या खाऊन झालं होतं. सासूबाईंना मी ते तेव्हाही सांगितलं नाही आणि पुढंही सांगायची गरज पडली नाही. त्या स्वतःच विचारायच्या, "त्या इंझोरीवाल्याचं गंगाफळ लावलं का यंदा?"

रोज उजाडलं की इंझोरीची घंटी वाजायची. स्टीलच्या गिलासावर चमच्यानं दोन ठोके, टिंग टिंग, आणि मग, "चला, गाडी सुटली. कोनाच्या वावरात काय चालू हाय, सांगा." मग जो तो आपापली हालहवाल सांगायचा. कोणाला बियाणं हवं असलं की इंझोरी कागदात पुडी बांधून, वर गावाचं नाव घालून, ओळखीच्या कंडक्टरच्या हाती देत. आपण आपल्या स्टँडवर जायचं आणि गाडीच्या दाराशी उभं राहायचं. अख्ख्या जिल्ह्यात त्यांच्या ओळखीचा नाही असा कंडक्टर नव्हता.

ग्रुपवरचा दुसरा नियम फुलांचा होता. सकाळी उठून गुलाबाचं फूल, त्यावर दव, खाली सुविचार, असलं काही पाठवायचं नाही. "फूल पाठवाचं तर आपल्या वेलावरचं पाठवा. उधारीचं नको." तरी कोणी पाठवलंच, तर त्यांचं एकच उत्तर असे, "सरका पुढं." बसमध्ये दाराशी गर्दी करून उभ्या राहणाऱ्यांना म्हणतात ना, अगदी तसंच. मग ज्यानं पाठवलं त्यानं ते निमूटपणे काढून टाकायचं.

पोहरादेवीचा एक माणूस मात्र कोडगा होता. तोंडानं एक शब्द बोलायचा नाही, निरोप लिहायचा नाही, फक्त रोज सकाळी एक गुलाब. कधी लाल, कधी पिवळा, खाली छापलेलं 'शुभ सकाळ'. इंझोरीनं सांगून पाहिलं, समजावून पाहिलं, शेवटी त्याला ग्रुपमधून काढलं. "मधातल्या स्टॉपवर उतरवून देल्लं," असं म्हणाले. मला तर बरंच वाटलं. मी लिहिलंसुद्धा, "गाडी हलकी झाली." काही वर्षं झाली त्याला.

आता वालाचं सांगते, कारण सगळं अडलं ते वालावर.

इंझोरीकडे एक वाल होता. रुंद, चपट्या शेंगा आणि त्यांना लुगड्याला असावा तसा जांभळा काठ. त्यांची माय मजुरीला जायची, तेव्हा कुठल्याशा बांधावरून मूठभर बी पदरात बांधून आणलेलं. तेव्हापासून तो त्यांच्या घरामागं होता. कोवळ्या शेंगांची भाजी करा, नाहीतर शेंगा निबर झाल्यावर दाण्यांची उसळ करा, तिखट आणि शेंगदाण्याचा कूट घालून. भाकरी मोजायची नाही त्या दिवशी. दरवर्षी पेरणीच्या आधी ते हा वाल ज्याला हवा त्याला द्यायचे आणि प्रत्येकाला बजावायचे, "बियाण्याले सोडलेल्या शेंगायले चिंधी बांधजा. चिंधीले कोनी हात लावाचा नाही."

आम्ही चिंध्या बांधायचो. फोटोही टाकायचो, लाल चिंधी, पिवळी चिंधी. पण घरात पाहुणे यायचे, बाजारात भाजी महाग असायची, जावयाला वाल आवडायचा. एकेक चिंधी सुटायची. कोणाला काही वाटायचं नाही, कारण पेरणीआधी इंझोरीची पुडी यायचीच. ग्रुपवर हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं: इंझोरी हाय ना.

हिवाळा सरत आला होता. एका सकाळी घंटी वाजली नाही. कोणी लिहिलं, "गाडी लेट हाय का आज?" दुसऱ्यानं लिहिलं, "डायवर झोपला असन." मीही त्यात भर घातली, "पंक्चर काढून राह्यले असतील." दुपारी इंझोरीच्या नंबरवरून आवाजी निरोप आला. मी मेथीच्या वाफ्यात बसले होते. ओल्या हातानंच लावला. आवाज बाईचा होता.

"मी त्यायची सून बोलून राह्यली. बाबा आज सकाळी वेलाले पानी देता देता खाली बसले. मले वाटलं, दम लागला. ते उठलेच नाहीत. तुमी सारे त्यायचे लोक, मनून तुमाले सांगून राह्यली."

मी तो निरोप पुन्हा लावला. मग तिथंच वाफ्यात बसून रडले. ज्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, ज्याच्या हातचा चहा प्यायले नव्हते, त्याच्यासाठी मी घरच्या माणसासाठी रडावं तशी रडत होते. नवरा धावत आला, त्याला वाटलं विंचू चावला. मी म्हटलं, "इंझोरी गेले." त्याला आधी गाव कसं गेलं ते कळेना. कळलं तेव्हा तो रिकाम्या उद्योगाबद्दल काही बोलला नाही. शेजारी बसून मेथी उपटू लागला.

ग्रुपवर तोवर गुलाबांचा पूर आला होता. मेणबत्त्या, जोडलेले हात, पांढरी कबुतरं, ढगांतून येणारा उजेड. मला अशी चीड आली. मी लिहिलं, "लाज वाटू द्या. त्यांना हेच चालत नव्हतं." मग कारंज्याच्या बाईनं एक फोटो टाकला, छपरावर चढलेल्या लवकीचा, म्हणजे दुधी भोपळ्याचा. खाली एवढंच, "हे त्यायचं." मागोमाग मंगरुळाच्या मिरच्या आल्या, मानोऱ्याची बरबटी, म्हणजे चवळीच्या शेंगा, आली. मी आमचं पलंगाखालचं गंगाफळ बाहेर ओढून त्याचा फोटो टाकला. संध्याकाळपर्यंत नुसत्या भाज्या येत राहिल्या, कोणाच्या टोपलीत, कोणाच्या वेलावर, एकीच्या तर कढईत. त्याच्या आधी मी ग्रुपवर इतकी भाजी एकाच दिवशी कधी पाहिली नव्हती.

मग कारंज्यानंच विचारलं, "वाल कोनी टाकला नाही. वालाचं बी कोनाकडं हाय?"

मग एकेक जण कबूल होऊ लागला. माह्याकडं नाही. आमचा उंदरानं खाल्ला. आमी संक्रांतीले उसळ केली. मी उठून घरातला डबा पाहिला. मला माहीत होतं त्यात काय आहे ते. आदल्याच आठवड्यात आमच्या वेलाच्या शेवटच्या शेंगा सोलून मी भावाच्या पुढ्यात उसळ वाढली होती आणि तो वाहवा म्हणाला होता.

माणूस गेला, ते कोणाच्या हातात नव्हतं. पण त्याच्या मायनं पदरात आणलेला वाल शंभर जणांनी मिळून खाऊन संपवला, हे मला सहन होईना. इतक्या वर्षांत त्या माणसानं आमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि ती एकानंही केली नव्हती. रात्रभर तेच डोक्यात. सकाळी कारंज्याचा फोन आला, म्हणाली, "अवो, त्यायच्या घरच्या वेलावर असतीनच ना चिंध्या. ते चुकनार हायेत का?" तेवढा एक आधार उरला होता. पण दुःखाच्या घरी लगेच बी कसं मागायचं? ठरलं की दिवसांच्या कार्याला, जलदान विधीला, जाऊ तेव्हा हळूच सुनेच्या कानावर घालू.

इंझोरीला जायला मला दोन गाड्या बदलाव्या लागल्या. दोन्ही गाड्यांतल्या कंडक्टरांना कळलं होतं. दुसऱ्यानं तर तिकीट देताना आपणहून विचारलं, "त्यायच्याच घरी का?" आणि मला ऐन घराजवळ उतरवलं.

अंगणात मांडव होता. पांढऱ्या लुगड्यातल्या बाया, पांढऱ्या सदऱ्यातली माणसं, समोर फोटो. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते त्या फोटोत. खाकी गणवेश, कानामागं पेन, आणि आवाजावरून वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ बारीक. मी उगाच त्यांना धिप्पाड समजत होते. त्रिसरण-पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या, लोक दोन शब्द बोलले. गावातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं की हा माणूस रिटायर झाल्यावरही स्टँडवर जाऊन बसायचा, आम्ही म्हणायचो घरी करमत नाही. मला माहीत होतं तो कशाला बसायचा. आमच्या पुड्या घेऊन बसायचा.

मांडवात आमची माणसं एकमेकांना आवाजानं शोधत होती. कोणी बोललं की कोणीतरी वळून बघायचं, "तुमी मंगरूळ का?" फोनवर ज्या कारंज्याला मी दरारा असलेली बाई समजत होते, ती माझ्या खांद्याला लागेल एवढीशी निघाली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी मालेगाव? तुमी तं निव्वळ काडी. भांडनं ऐकून मले वाटे, दारातून आत मावाच्या नाही तुमी." दोघी हसलो आणि मग दुःखाच्या घरी हसलो म्हणून ओशाळलो. पण आजूबाजूला तेच चाललं होतं. जो तो डोळे पुसून दुसऱ्याचं गाव ओळखत होता.

जेवणाच्या पंगती बसल्या. सून स्वतः वाढायला आली. वाशीमला नोकरीला जाऊन-येऊन करणारी, मातीत हात न घातलेली, पण मोठी गोड पोरगी. तिनं पत्रावळीवर भात घातला आणि उसळ वाढली. तांबूस दाणे, एका कडेला पांढरी रेघ. मी ओळखले. समोरच्या पंगतीत बसलेल्या कारंज्यानंही ओळखले, कारण तिचा हात तोंडाशी गेलेला तसाच थांबला.

"बाबायच्याच वेलाचा वाल हाय," सून म्हणाली. "सकाळी बायकायनं सारा वेल झाडून घेतला. काही शेंगायले चिंध्या बांधल्या होत्या बाबायनं. मले वाटलं, पाहुन्यायसाठी निशानी करून राखून ठेवल्या. मनून त्याबी घेतल्या."

तिचा चेहरा असा समाधानी होता की सासऱ्याची शेवटची इच्छाच पुरी केली. तिला काय सांगणार? चिंधीचा अर्थ शंभर जणांना त्यांनी घसा फोडून शिकवला, घरात सांगायचं राहून गेलं असेल. सांगावं लागेल असं त्यांना वाटलं नसेल, दुसरं काय. मी म्हटलं, "लय चांगलं केलं, बाई." आणि जेवू लागले. चव होती तीच होती. शेवटचा वाल म्हणून मी दुसऱ्यांदा मागून घेतला, आणि तेव्हा मात्र डोळ्यांतलं पाणी आवरेना.

शेजारी डोक्याला पागोटं बांधलेला एक म्हातारा माणूस जेवत होता. इतका वेळ गप्प. तो हळूच म्हणाला, "बाई, तिखट लागलं का?"

"तिखट नाही हो," मी म्हटलं. "बियाणं संपलं. हा वाल आता कुठंच नाही."

"कुठंच नाही कसा? माह्या घरी हाय."

मी घास तसाच ठेवला. "तुम्ही कोण?"

त्यानं पत्रावळीवरचा भात कालवला. "मी पोहरादेवी. मले काढलं होतं ना गाडीतून. फुलं पाठवतो मनून."

त्याचा आवाज आम्ही कोणीच कधी ऐकला नव्हता, मग ओळखणार कोण. मी त्याला विचारलं की तुमच्याकडे कसा राहिला वाल, आम्हा कोणाकडेच नाही तर. तो साधेपणानं म्हणाला, "तुमाले दरसाल भेटत होता. मले कोन देनार? गाडीतून उतरवलेल्या मानसानं तिकीट कोन्या तोंडानं मागावं? एकदाच पुडी भेटली होती. मंग दरसाल चिंधी बांधली, अन् घरच्यायलेबी हात लावू नाही देल्ला."

"आणि ते तुमच्याशी बोलत नव्हते?"

"बोलत नव्हते कसे? ज्या दिवशी काढलं त्याच दिवशी त्यायचा निरोप आला. मने, 'बाकीच्यायले तरास नको, फूल मले एकट्याले पाठवत जा.' मी रोज पाठवलं. गेले त्या दिवशीबी पाठवलं. त्यायनं पाहिलंच नाही."

'गाडी हलकी झाली' असं लिहिणारी मी, आणि त्याच वेळी इंझोरी रोज सकाळी आमची घंटी वाजवायच्या आधी त्याचा गुलाब बघत होते. शब्दाचा पक्का आणि मनाचा मऊ, असा तो माणूस होता. मला त्यांचा रागही आला, की हे आम्हाला का नाही सांगितलं. आणि आजवर कधी आली नव्हती इतकी माया आली.

जेवणं झाल्यावर आम्ही सगळे त्याच्याभोवती जमलो. मी सुनेला म्हटलं की फोन आण, यांना आधी ग्रुपमध्ये घे. ग्रुपचा कारभार एकट्या त्याच फोनवर होता. पण म्हाताऱ्यानं हात आडवा केला. "असं नको. आधी बियानं साऱ्यायच्या घरी पोचू द्या. मंग घ्या." कोणी कितीही सांगितलं तरी ऐकेना. कोडगा तो कोडगाच.

पुढच्या काही दिवसांत त्याच्या शेंगा वाळल्या आणि पुड्या निघाल्या. कंडक्टरांनी आपणहून त्या वाटून घेतल्या, कोणाला सांगावं लागलं नाही. आमच्या स्टँडवर गाडी आली, कंडक्टर दारात उभा राहून ओरडला, "मालेगाव कोन हाय?" अख्खा स्टँड त्याच्याकडे बघू लागला, कारण तिथं सगळेच मालेगाव. मी हात वर केला. पुडीत मोजके दाणे होते, तांबूस, पांढऱ्या रेघेचे. घरी येऊन मी ते राखेत घोळवून डब्यात ठेवले, डब्याला चिंधी बांधली आणि घरात सगळ्यांना एकत्र बसवून चिंधीचा अर्थ सांगितला. नवरा म्हणाला, "समजलं, समजलं. कोनी खात नाही तुहा वाल."

सगळ्या गावांचं 'पोचलं' आलं, तेव्हा सुनेनं सासऱ्याचा फोन उघडला. आमच्या सगळ्यांच्या फोनवर ओळ उमटली, की इंझोरीनं पोहरादेवीला ग्रुपमध्ये घेतलं. तेच नाव, तोच नंबर. ज्यानं उतरवलं होतं त्यानंच परत चढवून घेतलं, असं क्षणभर खरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी सवयीनं फोन उघडला. घंटी नव्हतीच. पण एक फोटो आला होता. वेल उतरणीला लागलेला, पानं पिवळी पडलेली, आणि शेंड्यावर वालाची जांभळी फुलं. एका देठाला चिंधी होती. खाली पोहरादेवीनं आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपवर काही लिहिलं होतं.

"शुभ सकाळ. फूल घरच्या वेलावरचं हाय. आता काढू नका."

आम्ही सगळ्यांनी तो फोटो पाहिला. 'सरका पुढं' म्हणणारं कोणी नव्हतं, आणि त्या सकाळी प्रत्येक जण तेच दोन शब्द ऐकायला थांबला होता.